धम्मयात्रेचा विमा : काय वगळले आहे ते आधी वाचा

लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर ही चार ठिकाणे आयुष्यात एकदा तरी पाहावीत, अशी आपल्या समाजातील वडीलधाऱ्या माणसांची इच्छा असते. आमच्या शुक्रवार पेठेत विड्या वळून घर चालवणाऱ्या भगिनी आहेत, गिरणीतून निवृत्त झालेले कामगार आहेत. पोटाला चिमटा काढून, भिशी लावून ते यात्रेचा पैसा जमवतात. तो बुडाला तर पुन्हा जमवायला वय राहत नाही. म्हणून यात्रेच्या विम्याची चौकशी करताना आम्हाला जे कळले, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवत आहोत.

२०२० साली आम्ही बत्तीस उपासक-उपासिकांनी ७ मेची बुद्धपौर्णिमा बोधगयेत साजरी करायचे ठरवले होते. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महामारी म्हटले. २२ मार्चला प्रवासी गाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. रेल्वेने रद्द गाड्यांचे पूर्ण पैसे परत केले. खिडकीवरच्या तिकिटांचे पैसे मागण्याची मुदत वाढवत वाढवत नऊ महिन्यांपर्यंत नेली. त्यामुळे ती रक्कम सर्वांच्या हाती आली. परंतु बस, भोजन आणि मुक्कामासाठी ज्या यात्रा कंपनीकडे आम्ही माणशी सहा हजार रुपये भरले होते, तिने हात वर केले. नैसर्गिक आपत्तीत आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, असे तिच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले होते. त्या बत्तिसांपैकी पाच जण आज आपल्यात नाहीत. त्यांची यात्रा राहिली ती राहिलीच.

आता पुन्हा यात्रा ठरत आहे. विमा काढायचा, यावर सर्वांचे एकमत झाले. आमचा प्रश्न साधा होता. पुन्हा साथ आली आणि यात्रा रद्द झाली तर भरलेले पैसे मिळतील काय?

काहींचे म्हणणे पडले की रेल्वेच्या तिकिटाबरोबर ४५ पैशांत विमा मिळतो, मग वेगळा कशाला? हा विमा इंटरनेटवरून काढलेल्या तिकिटालाच मिळतो आणि तो अपघाताचा आहे. अपघातात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत रक्कम त्यात मिळते. यात्रा रद्द झाल्याची भरपाई त्यात नाही.

मग आम्ही प्रवास विम्याचे कागद मागवले. एजंट म्हणतात, “सगळे येते.” परंतु केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. त्याप्रमाणे आम्ही कागद विहारात आणून ओळीने वाचले. यात्रा रद्द झाल्यास भरपाई असे लिहिलेले असते खरे, पण ती ठराविक कारणांसाठीच. स्वतःचे गंभीर आजारपण, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू अशी ती कारणे असतात. पुढे ‘वगळलेल्या गोष्टी’ या मथळ्याखाली पुष्कळदा साथरोग, महामारी आणि सरकारी बंदी यांची नावे येतात. साथीच्या भीतीने आपणच घरी थांबलो तर सहसा काही मिळत नाही. साथ जाहीर झाल्यावर विमा काढला तर ती आधीच माहीत असलेली घटना ठरते आणि दावा नाकारला जातो. कोरोनानंतर काही पॉलिसींत प्रवाशाला स्वतःला कोरोना झाल्यास भरपाईची सोय आली. पण स्वतः आजारी पडणे वेगळे आणि सरकारने गाड्या बंद करणे वेगळे.

कंपन्या असे का करतात? भिशीवरून हे लगेच समजते. भिशीत दर महिन्याला एकाला रक्कम मिळते, म्हणून ती चालते. सर्वांनी एकाच दिवशी मागितली तर भिशी मोडते. महामारीत सर्वांचे नुकसान एकदम होते. त्यातूनही संरक्षण हवे तर जबर हप्ता मोजावा लागतो. विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धेने २००३ च्या सार्स साथीनंतर असा विमा घेतला, वर्षानुवर्षे हप्ते भरले आणि २०२० ची स्पर्धा रद्द झाल्यावर मोठी भरपाई मिळवली. आपल्या भिशीला ते परवडणारे नाही.

म्हणून आम्ही असे ठरवले. रेल्वेची तिकिटे स्वतः काढायची. यात्रा कंपनीला आगाऊ रक्कम कमीत कमी द्यायची आणि सरकारी बंदीमुळे यात्रा रद्द झाल्यास किती पैसे किती दिवसांत परत, हे पावतीवर लिहून घ्यायचे. विमा काढायचा तो आजारपण आणि अपघातासाठी. त्यात मधुमेह, रक्तदाब लपवायचा नाही, कारण त्यावरूनच पुढे दावा अडतो. लुंबिनी नेपाळात आहे, तेव्हा भारतापुरता विमा तिथे चालणार नाही हेही पाहायचे. साथीबाबतचे उत्तर कंपनीकडून लेखी घ्यायचे.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकिलाची गरज नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. यात्रा कंपनीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही फी लागत नाही.

एक गोष्ट शेवटी सांगावीशी वाटते. हे कागद बहुतेक इंग्रजीत असतात, आणि पैसा मात्र ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचा असतो. बाबासाहेबांमुळे आपल्या घराघरांत शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांनी एक संध्याकाळ काढून आजी-आजोबांजवळ बसावे, वगळलेल्या गोष्टी मराठीत वाचून दाखवाव्यात आणि मगच आजीला सही करू द्यावी.