वळिवडे आणि एक दूरदेशींचें नांव

इचलकरंजीहून कोल्हापुरास आगगाडीनें जावयाचें म्हणजे प्रथम हातकणंगलें गांठावें लागतें. पुढें रुकडी मागें पडली कीं वळिवडे हें लहानसें स्टेशन येतें. आम्हां पेन्शनरांस घाई कसली? परवां आम्ही तेथें मुद्दाम उतरलों.

१९४३ ते १९४८ या काळांत येथें सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका व मुलें. सोव्हिएत रशियानें १९४०-४१ सालीं त्यांस पूर्व पोलंडांतून हद्दपार केलें होतें; पुढें सुटका होऊन इराणमार्गें तीं करवीर संस्थानांत आलीं. तीं गेल्यावर त्याच जागीं सिंधी निर्वासित आले व गांधीनगर वसलें.

या लोकांत मुलींचें एक जुनें, आतां विरळ झालेलें नांव आहे : बोगुस्वावा. लिहितांना त्यांत तिरपी रेघ मारलेला 'ल' असतो. पोलिश जिभेवर त्याचा 'व' होतो. म्हणजे मूळ शब्द 'बोग' अर्थात् देव, आणि 'स्लावा' अर्थात् कीर्ति. येथें संस्कृतज्ञ वाचकाचे कान टवकारलेच पाहिजेत! 'स्लावा' हें आपल्या 'श्रवस्'चें सगोत्र. भूरिश्रवा, उच्चैःश्रवा यांतलें तेंच. 'बोग' आपल्या 'भग' शब्दाचा आप्त, ज्यावरून 'भगवान्' झाला. स्लाव लोकांनीं तो इराणी भाषेंतून घेतला कीं तो त्यांचा वडिलार्जित, याविषयीं पंडितांत वाद आहे. आमचा कल इराणीकडे. कारण वेदांत भग हा एक विशिष्ट आदित्य, तर प्राचीन इराणींत 'बग' म्हणजे कोणताही देव. 'देव हीच जिची कीर्ति' असा बहुव्रीहि सोडविला म्हणजे नांव अगदीं घरचें वाटूं लागतें.

ख्रिस्ती संतांच्या नांवांनीं असलीं नांवें मागें सारलीं होतीं. एकोणिसाव्या शतकांत, पोलंड परतंत्र असतां, देशाभिमान्यांनीं तीं पुन्हां उजळलीं.

पोलिश स्त्री लग्नानंतर बहुधा आडनांव बदलते, पण पाळण्यांतलें नांव तिचेंच राहतें. त्या नांवाचा वार्षिक सणही ती साजरा करिते. हद्दपारींत घर, शेत, देश सर्व गेलें. नांव तेवढें बरोबर आलें. आणि आपल्याकडे? तांदुळांच्या ताटांत अंगठीनें नवें नांव लिहून सुनेचें माहेरचें नांव घटकाभरांत पुसलें जाई. कांहीं घरीं अद्याप पुसलें जातें. गृह्यसूत्रांत नामकरण आहे तें बालकाचें. नववधूचें आम्हांस त्यांत कोठें आढळत नाहीं. मग सासूबाईंनीं हा आग्रह कां धरावा?

२०१७ सालीं वॉर्सा शहरांत वळिवडे-कोल्हापूर वसाहतीचें स्मारक उभारण्यांत आलें. तेथील मुलें आपल्या 'वळिवडे'तला 'ळ' कसा उच्चारीत असतील, कोण जाणे!