दसऱ्याआधीचा चिखल

गणपतीनंतरच्या पंधरवड्यात कोल्हापुरातल्या माझ्या गॅरेजसमोर दुचाकी गाड्यांची रांग लागते. कुठली गाडी कुठून आली हे नंबरप्लेट न बघताही कळतं. करूळ किंवा भुईबावडा घाट चढून कोकणातून आलेल्या गाडीच्या मडगार्डखाली जांभ्याची तांबडी माती असते, हाताला पिठासारखी लागणारी. शिरोळकडच्या उसाच्या रानातून आलेल्या गाडीच्या चाकाभोवती काळ्या मातीचा लगदा असतो, वाळून विटेसारखा झालेला. मागणी मात्र दोघांचीही एकच असते. दसऱ्याला पूजा आहे, गाडी चकाचक झाली पाहिजे.

आता बरेच जण हे काम घरच्या अंगणातच करतात आणि ते मला मनापासून आवडतं. फक्त एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. चिखलाने गाडीचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त ती चुकीच्या पद्धतीने धुतल्याने होतं.

सुरुवात टाकीपासून करू. आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. सगळी चमक या थराची असते. सकाळी कामावर निघताना जुन्या बनियनच्या कोरड्या फडक्याने टाकीवरून हात फिरवायची सवय घराघरांत आहे. त्या फडक्यात अडकलेली धूळ लॅकरवर बारीक चरे पाडत जाते. उन्हात टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळं दिसतात, ती याच चऱ्यांची. जांभ्याच्या मातीत तर लोहाचे ऑक्साइड भरपूर असतात, आणि लोहाच्या ऑक्साइडची बारीक भुकटी सोन्याला झिलई आणायला वापरतात. म्हणजे तांबडी धूळ कोरडी पुसणारा माणूस नकळत टाकीला पॉलिश पेपर मारत असतो, तोही खडबडीत.

काळ्या मातीचा स्वभाव वेगळा. पाणी प्यायली की ती फुगते आणि चिकटते, वाळली की आक्रसून दगड होते. ती खरवडायला स्क्रू ड्रायव्हर किंवा खुरपं घेतलं, की आधी रंग निघतो आणि मग माती. अशा गाडीला ओली गोणपाटं गुंडाळून ती अर्धा तास सावलीत उभी करावी. माती आपोआप सुटू लागते आणि लाकडाच्या चपट्या कामटीने निघते. इंजिनाच्या पापड्यांमध्ये बसलेली माती तर काढलीच पाहिजे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला त्या पापड्या उष्णता बाहेर टाकण्यासाठीच दिलेल्या असतात. तिथे मातीचा थर बसला, की उन्हाळ्यात पांघरूण घेऊन झोपल्यासारखी इंजिनाची अवस्था होते.

धुताना इंजिन गार हवं, कारण तापलेल्या पत्र्यावर साबण क्षणात वाळतो आणि डाग धरतो. सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. बादल्या दोन घ्याव्यात, एक शाम्पूच्या पाण्याची आणि दुसरी फडकं खळबळून घ्यायला. हात वरून खाली न्यायचा आणि चाकं सगळ्यात शेवटी. चाकाचं फडकं टाकीला लावायचं नाही. कपड्यांची पावडर वापरू नये. तिच्यातल्या सोड्याने ॲल्युमिनियम काळवंडतं. बोअरचं पाणी असेल तर गाडी वाऱ्यावर वाळू देऊ नका, लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि मग ते काढायला पातळ केलेलं व्हिनेगर शोधावं लागतं.

गगनबावड्याच्या बाजूचा एक तरुण रोज पहाटे वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करतो. त्याच्या गाडीचं मागचं चाक घोंगावायला लागलं. खोलून पाहिलं तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज आणि ग्रीसचा पत्ता नाही. गाडी जुनी नव्हती आणि ओझंही बेताचं होतं. विचारल्यावर उलगडा झाला. तो दर आठवड्याला हायवेवरच्या एका वॉशिंग सेंटरवर गाडी नेत होता आणि तिथला मुलगा चाकाच्या मधोमध, अगदी जवळून, जोराच्या पाण्याची पिचकारी मारत होता. बेअरिंगचं रबरी सील रस्त्यावरची धूळ आणि पावसाचे शिंतोडे अडवायला असतं. असा फवारा त्याच्या कडेतून आत घुसतो आणि ग्रीस धुऊन नेतो. हँडलखालचे बेअरिंग, वायरिंगचे जोड आणि रेडिएटरच्या नाजूक पापड्या यांनाही हाच धोका असतो. तो तरुण आता घरी बादली आणि तांब्याने गाडी धुतो. दोन पावसाळे गेले, चाक शांत आहे.

इंजिनाची चिकटाई काढायला डिझेल मारायची पद्धतही मला मान्य नाही. त्याने रबरी होस फुगतात आणि मागे राहिलेल्या तेलकट थरावर नवी धूळ दुप्पट बसते.

चेनकडे जरा जास्त वेळ द्यावा. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामधलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं, आणि छोट्या रबरी कड्या ते आत धरून ठेवतात. पेट्रोल आणि तारेचा ब्रश या कड्यांचे शत्रू आहेत. थोडं रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि कोरडं फडकं एवढं पुरतं. हे काम इंजिन बंद करून, डबल स्टँडवर, चाक हाताने फिरवतच करायचं. गिअर टाकून फिरत्या चेनवर फडकं धरल्याने बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. डब्ल्यूडी-40 मारून बरेच जण चेन झाली असं समजतात. अमेरिकेत 1953 मध्ये तो फवारा तयार झाला तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी, आणि त्याच्या नावातला 40 हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. चेन पुसायला तो चालेल, पण त्यानंतर चेनचं तेल द्यावंच लागतं.

पॉलिशचा डबा उघडला की हात आवरत नाही, आणि माझी सगळ्यात मोठी काळजी इथेच आहे. सिलिकॉनचं टायर पॉलिश टायरच्या बाजूला लावलं तर दिसायला छान, पण रस्त्याला टेकणाऱ्या भागावर गेलं तर पहिल्याच वळणावर गाडी घसरू शकते. सीटवर ते लावलं तर ब्रेक दाबताच मागे बसलेली आई पुढे सरकते. ब्रेकच्या डिस्कवर त्याचा थेंबही नको. चुकून उडालाच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क पुसावी. मॅट रंगाच्या टाकीला वॅक्स लावू नये, डागाडागांची चमक येते आणि ती जात नाही.

क्रोमचं मडगार्ड किंवा रिम असलेल्या जुन्या बुलेटवाल्यांनी काथ्याने घासू नये. निकेलवर चढवलेला क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंजाचे ठिपके आले असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि क्रोम शाबूत राहतो.

धुतल्यावर पिशवी काढून इंजिन पाचेक मिनिटं चालू ठेवावं, म्हणजे सायलेन्सरमधली ओल जाते. ड्रम ब्रेकच्या गाडीत ड्रममध्ये पाणी शिरलेलं असतं आणि पहिले एक-दोन ब्रेक लागतच नाहीत. म्हणून गल्लीतच सावकाश फेरी मारून, ब्रेक हलके दाबत ते वाळवून घ्यावेत. मगच गाडी पूजेला उभी करावी. हळद-कुंकू हँडलच्या धातूवर किंवा नंबरप्लेटच्या वर लावावं. टाकीच्या रंगावर, आणि मॅट टाकीवर तर मुळीच नको, ओल्या कुंकवाचा रंग त्यात मुरतो. झेंडूचा हार हेडलाइटला बांधावा आणि निघण्याआधी सोडावा. वाऱ्याने हलणारा त्याचा दोरा टाकीवर घासत राहतो.