ट्रे उघडत नाही तेव्हा

जुन्या सीडी-डीव्हीडींवरचा मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून देण्याचं काम मी करतो. प्रबंध, नाटकांची ध्वनिमुद्रणं, लग्नांच्या चित्रफिती. काम चालतं लिनक्सवर, आणि नव्या मदतनिसाची पहिली तक्रार ठरलेली असते: बटण दाबलं तरी ट्रे बाहेर येत नाही.

ड्राइव्ह बिघडलेला नसतो. डिस्क माउंट झाली की कर्नलच ड्राइव्हला दार लावून घ्यायला सांगतो. पेन ड्राइव्हवर लिहायचं काही शिल्लक असू शकतं. सीडीवर तसं काही नसतं, मग ही अडवणूक कशाला? कारण कुणीतरी त्या डिस्कवरची फाइल वाचत असतं. डिस्क मध्येच काढली तर अर्धी प्रत तयार होते, आणि ती अर्धी आहे हे कित्येकदा फार उशिरा कळतं. म्हणून हा नकार मला मोलाचा वाटतो.

अनमाउंट करायला जावं तर उत्तर येतं, ‘टार्गेट इज बिझी’. कोण बिझी, ते मात्र सांगत नाही. ही उणीव खरी आहे. ‘फ्यूजर’ या आज्ञेला ‘व्ही’ आणि ‘एम’ हे पर्याय देऊन विचारलं की नाव कळतं. बहुतेक वेळा तिथे टर्मिनलच निघतो: एकही फाइल उघडी नसते, पण त्याचा मुक्काम डिस्कवरच्या फोल्डरमध्ये असतो. यादीत त्याच्यापुढे ‘सी’ हे अक्षर दिसतं. फोल्डर बदलला की काम झालं. ‘इजेक्ट’ ही आज्ञा आधी स्वतःच अनमाउंट करून पाहते, त्यामुळे तीही इथेच अडते.

घाईतले लोक दोन आडवाटा धरतात. एक, ‘लेझी’ अनमाउंट. त्याने फोल्डर नजरेआड होतो, पण फाइल धरून बसलेला प्रोग्रॅम ती सोडत नाही तोवर ड्राइव्हही मोकळा होत नाही. दुसरी, ‘फ्यूजर’ला ‘के’ लावून धरणाऱ्या सगळ्यांनाच मारून टाकणं. चालू असलेली नक्कलही त्यात जाते. नाव न वाचता ‘के’ लावू नये, हे मी प्रत्येकाला बजावतो.

ओरखडे पडलेल्या डिस्कचं दुखणं निराळं. न वाचता येणारा भाग ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचू पाहतो, वाचणारा प्रोग्रॅम कर्नलमध्ये अडकतो, आणि त्या अवस्थेत त्याला मारताही येत नाही. थांबावंच लागतं. अशी डिस्क मी माउंटच करत नाही. डेस्कटॉपचं आपोआप माउंट करणं बंद ठेवतो आणि ‘डीडी-रेस्क्यू’ने थेट ड्राइव्हवरून, २०४८ बाइटांचा सेक्टर धरून, प्रतिमा उतरवतो. आधी सुस्थितीतले भाग, मग खराब. माउंट करायची ती ही प्रतिमा. मूळ डिस्क लगेच पाकिटात परत जाते.

आपल्याकडे आलेली डिस्क बहुधा एकुलती एक प्रत असते. म्हणून विनंती एवढीच: ट्रेच्या पुढच्या बारीक भोकात पिन घालायचीच झाली, तर संगणक पूर्ण बंद करून आणि सगळे उपाय संपल्यावरच घाला.