सावलीने मोजायची दरी

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन ही महाघळ सुमारे 446 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 29 किलोमीटर रुंद आणि 1,800 मीटरांहून अधिक खोल आहे. तरीही भर दुपारी तिच्या दक्षिण काठावरून घेतलेल्या छायाचित्रात यांपैकी एकही माप उतरत नाही. सूर्य डोक्यावर आला की कड्यांच्या सावल्या कड्यांच्याच पायाशी गोळा होतात, पलीकडचा काठ निळसर धुरकटात विरतो आणि एवढी प्रचंड पोकळी नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यासारखी सपाट दिसू लागते. सूर्य क्षितिजाजवळ असताना मात्र, म्हणजे सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, तिरप्या उन्हाने एकामागे एक उभे असलेले सुळके परस्परांपासून सुटे होतात आणि प्रत्येक कड्याची पायरी वेगळी उमटते.

सह्याद्रीचे कातळटप्पे पाहिलेल्या नजरेला या पायऱ्या ओळखीच्या वाटतील, पण साम्य वरवरचे आहे. सह्याद्रीतले थर लाव्हारसाचे आहेत आणि भूशास्त्राच्या मानाने अल्प काळात एकावर एक साचले आहेत. इथले थर मुख्यतः समुद्रतळावरच्या चुन्याचे, वाळूचे आणि चिखलाचे असून सर्वांत वरचा कायबाब चुनखडकच सुमारे 27 कोटी वर्षांचा आहे. चुनखडक आणि वालुकाश्म ताठ कडे धरून राहतात, तर शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला ठिसूळ खडक, ढासळून उतार होतो, आणि कोरड्या हवेमुळे या दोहोंमधला फरक झाकला जात नाही. ज्या लालीसाठी छायाचित्रकार संध्याकाळपर्यंत काठावर ताटकळतात ती रेडवॉल नावाच्या कड्याच्या तरी अंगची नव्हे: तो चुनखडक मुळात राखाडी असून वरच्या थरांतले लोहयुक्त द्रव्य पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून त्याच्यावर चढले आहे, आणि जिथे एखादी कपची नुकतीच निखळली असेल तिथे आतला राखी रंग उघडा पडलेला दिसतो. ही लाली संगणकावर आणखी भडक करण्याची हौस त्यामुळे फारशी शहाणपणाची वाटत नाही.

सावलीनेही जे हाती लागत नाही ते दरीच्या तळाशी आहे. तिथला काळसर विष्णू शिस्ट, म्हणजे उष्णता व दाब यांनी मूळ रूप पालटलेला खडक, सुमारे 175 कोटी वर्षांचा आहे, आणि त्याच्यावर काही ठिकाणी थेट टेपीट्स वालुकाश्म टेकलेला आहे, ज्याचे वय जेमतेम 50 कोटींच्या आसपास भरते. मधल्या काळाचे खडक झिजून गेले किंवा साचलेच नाहीत. भूशास्त्रात अशा तुटीला विसंगती म्हणतात. ब्लॅकटेल कॅन्यन या उपघळीत तळहात टेकवला तर बोटे वालुकाश्मावर आणि मनगट शिस्टवर येते, आणि 120 कोटी वर्षांहून मोठा काळ हाताखाली झाकला जातो. छायाचित्रात तिथे फक्त एक रेघ येते.

छायाचित्रणाचा इतिहास इथे हमालीपासून सुरू होतो. कोलोरॅडो नदीतून शोधमोहिमा नेणारे मेजर पॉवेल यांच्या दुसऱ्या मोहिमेत (1871-72) जॉन हिलर्स होडी वल्हवायला आले आणि प्रवासातच छायाचित्रण शिकून मोहिमेचे छायाचित्रकार झाले. त्या काळची काचपट्टी रसायन ओले असतानाच वापरून धुवावी लागे, त्यामुळे काळोखी खोलीचा सारा सरंजाम कड्याकपारींतून वाहून न्यावा लागे. पुढे एल्सवर्थ आणि एमरी या कोल्ब बंधूंनी 1904 मध्ये ब्राइट एंजल पायवाटेच्या तोंडाशी स्टुडिओ बांधला आणि खेचरांवरून दरीत उतरणाऱ्या प्रवाशांची छायाचित्रे काढण्याचा धंदा मांडला. पट्ट्या धुण्यासाठी लागणारे स्वच्छ पाणी काठावर नव्हते. म्हणून एमरी पट्ट्या घेऊन सुमारे सात किलोमीटर खालच्या झऱ्यापर्यंत पळत जात, तिथे त्या धुऊन चित्रे तयार करत आणि खेचरांचा तांडा परतण्याआधी तेवढाच चढ चढून वर येत. त्या चित्रांचा विषय अर्थातच दरी नव्हे, तर खेचरावर बसलेले गिऱ्हाईक होते.