येतो म्हणावे

मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' असे म्हणत नाही. तो 'येतो' म्हणतो. दुकानात जायचे असो की दूरच्या गावी, दारात थांबून 'येतो' म्हणायचे आणि मग पाऊल बाहेर टाकायचे. चुकून कोणी 'जातो' म्हटले, तर घरातील म्हातारी माणसे रागावतात. तुम्ही घरी 'खुदा हाफिज' म्हणता. देव तुमचे रक्षण करो, असा त्याचा अर्थ. दोन्ही शब्दांत एकच काळजी आहे. जाणारा माणूस सुखरूप राहावा!

'येतो' या शब्दाचे मोल मला आमचे गाव सोडताना कळले.

आमचे गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात आहे. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीला हे नाव मिळाले. जालन्याची मोसंबी तर सगळीकडे प्रसिद्ध आहे. आमचीही तीनशे झाडांची बाग होती.

मोसंबीची एक गंमत तुम्हांला सांगतो. झाडाला भरपूर फुले यावीत म्हणून आधी काही आठवडे त्याचे पाणी तोडतात. याला बाग ताणावर सोडणे म्हणतात. नंतर पाणी दिले की झाड फुलांनी भरून जाते. पण २०१२ साली पाऊस फारच कमी झाला. जायकवाडी धरण तळाला गेले. आमची विहीर आटली. शेजारच्या चाचांनी आपल्या विहिरीतले पाणी दिले, पण तीही आटली. बाग ताणावर राहिली ती राहिलीच. पाने गळाली, फांद्या वाळल्या. त्या दुष्काळात जिल्ह्यातील हजारो एकर मोसंबी अशीच वाळून गेली. २०१३ च्या उन्हाळ्यात वडिलांनी स्वतःच्या हातांनी बाग तोडली आणि लाकडे जळणासाठी विकली.

तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजच्या कारखान्यात वडिलांना काम मिळाले. गाव सोडायचे ठरले. मी तेव्हा सातवी पास झालो होतो.

वडील आजीला म्हणाले, "माय, पहाटे अंधारातच निघू. लोकांना काय तोंड दाखवायचे?"

आजी म्हणाली, "अंधारात चोर जातात, बाबा. आपण कुणाचे काय चोरले? ज्या गावाने तुझ्या लग्नात पंगती वाढल्या, त्या गावाला न सांगता जायचे?"

वडील गप्प बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही घरोघर निरोप घ्यायला निघालो.

पहिल्यांदा वडील किराणा दुकानात गेले. बैल विकून आलेल्या पैशांतून त्यांनी सगळी उधारी फेडली. दुकानदाराने वहीत आमच्या नावावर रेघ मारली आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. शाळेत गुरुजींनी दाखला दिला. शाळा सोडण्याचे कारण म्हणून त्यावर 'पालकांचे स्थलांतर' असे लिहिले होते. एवढ्या दोन शब्दांत आमची सारी बाग मावली होती. आजीने आपले दगडी जाते शेजारणीला दिले. तुळशीचे रोप दुसऱ्या घरी दिले. "पाणी घाल गं, मी बघायला येईन," असे तिला बजावले.

शेवटचे घर चाचांचे होते. चाचा मोसंबीची रोपे तयार करत. आमच्या बागेतील झाडांचे डोळेही त्यांनीच भरले होते. डोळा भरणे म्हणजे मोसंबीच्या फांदीवरचा कोंब काढून जंबेरीच्या रोपावर बांधणे. खालांनी वाटेसाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. चाचांनी मला जवळ बोलावले.

"बेटा, मोसंबीचे झाड कुणाच्या मुळांवर उभे असते?"

"जंबेरीच्या," मी म्हणालो.

"मुळे दुसऱ्याची असतात, पण फळ मोसंबीचेच येते ना? तूही तसाच नव्या गावात वाढ. फळ मात्र आपल्या गावाचेच दे."

वडिलांना बोलवेना. चाचांनी त्यांना मिठी मारली. आजी म्हणाली, "येतो आम्ही." चाचा म्हणाले, "खुदा हाफिज. लवकर या."

घरी येऊन आम्ही सामान बांधले, दाराला कुलूप लावले आणि रस्त्याला लागलो. सामान, कुलूप, रस्ता हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत ना? तुमच्या उर्दूत कुलुपाला 'कुफ्ल' म्हणतात. हे शब्दही एके काळी दूरच्या मुलखातून निघाले, मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले.

२०१६ साली मराठवाड्यात चांगला पाऊस झाला. पुढच्या पावसाळ्यात वडील गावी गेले. त्यांनी चाचांकडून पन्नास रोपे घेतली आणि आमच्या शेतात लावली. आता ते शेत चाचांचा मुलगा वाट्याने करतो. आम्ही गावी राहायला गेलो नाही, पण जाणे-येणे चालू आहे. वडील आजही म्हणतात, "त्या दिवशी अंधारात निघालो असतो, तर उजेडात परत जाता आले नसते."

मित्रांनो, आपल्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात. कोणाच्या वडिलांची बदली होते, तर कोणी कामाच्या शोधात शहरात जाते. तुमच्यावर अशी वेळ आली, तर कोणालाही न सांगता निघू नका. घेतलेले परत करा, देता येईल ते देऊन जा, प्रत्येक दारात 'येतो' म्हणा आणि खरोखरच या. तुमच्या वर्गात एखादा नवा मुलगा किंवा मुलगी आली, तर त्यांना आपल्या शेजारी जागा द्या. त्यांच्या गावाचे नाव विचारा. ते सारे गाव मागे ठेवून आलेले असतात. त्यांना नव्या जागी मुळे हवी असतात.