ठिपक्यांचा वाडा

कॉलेजात आम्ही जुनी घरं टेपने मोजली होती. एकाने शून्य धरायचं, दुसऱ्याने ओढायचं, तिसऱ्याने वहीत लिहायचं आणि कर्ण जुळला नाही की तिघांनी भांडायचं. त्यामुळे पुण्याच्या पेठेतल्या एका वाड्याचं लेझर स्कॅनिंग झालंय, आता फक्त ऑटोकॅडमध्ये नकाशे काढायचेत, असं ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या तेव्हा मी खूश झाले. भांडण तरी वाचलं.

सर्व्हेवाल्यांनी तिपाईवरचं यंत्र प्रत्येक खोलीत, ओसरीवर, जिन्यात लावलं होतं. लेझरचा किरण जिथे आपटून परत येतो तिथलं अंतर मोजलं जातं आणि त्या जागेचा एक ठिपका नोंदवला जातो. असे कोट्यवधी. फाइली मिळाल्या ई-५७ प्रकारच्या. त्या आधी रीकॅप या सॉफ्टवेअरमध्ये घालायच्या. मग आरसीएस फाइली बनतात, आणि त्या सगळ्यांची मोट बांधणारी एक आरसीपी. ठिपके आरसीएसमध्ये, आरसीपीत नुसते त्यांचे पत्ते. म्हणून इवलीशी आरसीपी मेल करून वाडा कुणाला पोहोचत नाही, हे ऑफिसात जो भेटेल त्याने मला बजावलं.

आरसीपी ऑटोकॅडमध्ये जोडली. सगळं एकदम दिसावं म्हणून झूम एक्स्टेंट्स केलं, तर पडद्याच्या दोन टोकांना दोन कण. ठिपक्यांना यूटीएम या नकाशा-पद्धतीचे खरे निर्देशांक होते. त्यात उत्तरेचा आकडा विषुववृत्तापासून मोजतात, म्हणजे पुण्यासाठी वीस लाख मीटरच्या पुढे. शून्यापाशी आमची शीर्षकाची चौकट आणि दोन हजार किलोमीटरवर वाडा! सगळे ठिपके उचलून शून्याजवळ आणले, किती सरकवले ते लिहून ठेवलं.

आत शिरल्यावर मात्र तासभर नुसती हिंडत बसले. कडीपाटाची एकेक कडी दिसत होती, खांबाखालचे तळखडे दिसत होते. माजघरातल्या आरशामागे दुसरं माजघर होतं, उलटं. आरशावरून वळलेला किरण आपण वळलो हे यंत्राला सांगत नाही. चौकात हवेत करडे फराटे होते. स्कॅन चालू असताना कुणीतरी तिथून गेलं होतं. यंत्र जिथे उभं होतं तिथे त्याच्याच पायाखाली गोल भोकं.

नकाशासाठी जमिनीपासून मीटरभर उंचीवर पाच सेंटिमीटर जाडीची आडवी चकती कापली. आता फक्त गिरवायचं, असं वाटलं. पण भिंतीची रेघ नव्हतीच, मुंग्यांची रांग होती. ठिपके मागेपुढे, गिलावा फुगलेला. स्नॅप चालू केला की कर्सर एखाद्या भरकटलेल्या ठिपक्याला जाऊन चिकटे. बाहेरच्या ठिपक्यावरून रेघ ओढायची, आतल्यावरून, की मधून? एफ-८ दाबून सरळ ओढावी तर भिंत सरळ नाही; आहे तशी ओढावी तर दर वीतभर अंतरावर वळण.

मॅडमनी स्केल विचारलं. एकास पन्नास. ‘‘मग ठिपके दहा मिलिमीटर मागेपुढे, म्हणजे कागदावर ०.२ मिलिमीटर. रेघेचीच जाडी. कशाला रडतेस?’’ एवढ्याने निम्म्या शंका मिटल्या. पण ओसरीचा कोपऱ्यातला खांब तळखड्यापासून तुळईपर्यंत सत्तर मिलिमीटर बाहेर झुकला होता. तो मी छानपैकी ओळंब्यात काढला असता तर दुरुस्तीच्या नकाशातून नेमकी दुरुस्तीच गायब झाली असती. म्हणजे गिलाव्याचा फुगवटा सोडायचा, खांबाचा कल ठेवायचा. हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. कापलेल्या चकतीतून रेघा आपोआप काढायची सोय त्यात आहे. तिने भिंतीला टेकलेला झाडूही इमानाने काढला.

सगळ्यात अडले ते माजघर आणि ओसरी यांमधल्या भिंतीपाशी. दोन्ही बाजूंचे ठिपके स्वच्छ, मधलं अंतर मीटरहून जास्त, आणि मध्ये काळं. लेझर पृष्ठभागाच्या आत जात नाही. नकाशात मात्र भिंत कापली की आत हॅच भरावी लागते. विटा? माती? जुन्या वाड्यांत भिंतीच्या जाडीतच जिना काढलेला असतो, आणि कधी तो नंतर बुजवलेला असतो. एवढी जाडी उगाच कोण ठेवेल, असं माझं मत. मॅडमचं मत, मत नकाशात काढता येत नाही.

हॅच न भरता तुटक रेघेत ‘आतील बांधकाम तपासणे’ असं लिहून शीट दिली. गुरुवारी गवंड्याला घेऊन जायचंय, टेपही न्यायचीय.