साधा वर्तमानकाळ

इंग्रजी शिकायला आलेल्या बायकांच्या वर्गात सुरुवातीला 'माय नेम इज' एवढ्यावरच बोलणं अडतं. विमानतळावरचे, हॉटेलातले पुस्तकी संवाद सुरू झाले की माना खाली जातात. पण 'व्हॉट डू यू ईट इन द मॉर्निंग?' असं विचारावं, आणि वर्ग खुलतो. पोहे, उपमा, ज्वारीची भाकरी, रात्रीच्या भाताला दिलेली फोडणी. क्रियापद हाताशी नसतं, पण सांगण्यासारखं पुष्कळ असतं. खाणं आणि शरीर या दोन विषयांत या बायकांना नवशिक्या कोण म्हणेल? म्हणूनच खाण्याचे आणि व्यायामाचे हे प्राथमिक धडे मला फार मोलाचे वाटतात.

खाण्याचा धडा मोजण्यापासून सुरू होतो. एग, बनाना, चपाती मोजायच्या. मिल्क, शुगर, राइस मोजायचे नाहीत. एकांना 'हाउ मेनी', दुसऱ्यांना 'हाउ मच'. मराठीत आपण तांदूळ निवडले म्हणतो, गहू दळून आणले म्हणतो, पोहे भिजले म्हणतो. दाण्यादाण्याचं अनेकवचन आपल्या तोंडात बसलेलं. इंग्रजीत पोतंभर राइससुद्धा 'इज'च. त्यातही व्हीट एकवचनी आणि ओट्स अनेकवचनी! हे तर्काने सुटत नाही, बोलून बोलूनच अंगवळणी पडतं. मग मापं मदतीला येतात: अ कप ऑफ टी, अ बोल ऑफ राइस, अ पिंच ऑफ सॉल्ट. चिमूट, मूठ, वाटी, पळी यांनी घर चालवलेल्या हातांना हा भाग चटकन उमजतो.

जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह शिकणाऱ्यांसाठी एक कोश केला. १९४२ मध्ये तो टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. कोणतं नाम मोजता येतं आणि कोणतं नाही, हे त्यात खुणांनी दाखवलेलं होतं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला अशी खूण लागत नाही. ती शिकणाऱ्याच्या अडचणीतून जन्मली. परक्या माणसाची अडचण कुणीतरी इतक्या मायेने समजून घेतली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

व्यायामाच्या धड्यात क्रियापदं नाचू लागतात. कबड्डी 'प्ले' करायची, पोहायला 'गो' लावायचं, योगासनं 'डू' करायची. आणि मग सूचना येतात: स्टँड, बेंड, स्ट्रेच, ब्रीद आउट. कर्त्याचीही गरज नाही. व्यायाम इंग्रजीतून सांगणं आपल्याकडे तसं नवं नाही. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रसार केला. त्यांचं 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं. साताऱ्याकडच्या एका संस्थानातला रोजचा व्यायाम असा सातासमुद्रापार गेला. शरीराला सांगायचं असेल तेव्हा भाषा आखूडच लागते. वाकायला कुणाला मिश्र वाक्य लागत नाही.

पण या सगळ्या धड्यांचा कणा आहे साधा वर्तमानकाळ. आपण रोज जे करतो, त्याचा हा काळ. त्याच्यासोबत ऑल्वेज, यूजुअली, समटाइम्स, नेव्हर हे शब्द येतात आणि क्रियापदाच्या आधी जाऊन बसतात. सराव सुरू होतो. माय हजबंड ऑल्वेज ड्रिंक्स टी. माय सन नेव्हर ईट्स मेथी. माय मदर-इन-लॉ वॉक्स एव्हरी ईव्हनिंग. क्रियापदाच्या शेवटचा तो 'स' निसटत असतो, पुन्हा पुन्हा जागेवर आणावा लागतो. घरातल्या प्रत्येकाचं खाणंपिणं या बायकांना पाठ असतं. 'आय'ने सुरू होणारं वाक्य मात्र उशिरा येतं. आलं की ते असं असतं: आय ऑल्वेज ईट लास्ट. आय डू नॉट एक्सरसाइज.

या दुसऱ्या वाक्यावर मी थांबते. मग दिवसभरात काय काय करता, ते सांगा म्हणते. आय क्लाइंब फोर फ्लोअर्स. आय कॅरी वॉटर. आय वॉक टू द स्टेशन. फळा भरत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल सांगितली, आणि तिच्या हिशेबात घरकाम आणि चालणंही धरलेलं आहे. एरवी 'मी घरीच असते' या तीन शब्दांत संपणारं आयुष्य चढतं, उचलतं, चालतं. 'आय ऑल्वेज ईट लास्ट' मधलं 'ऑल्वेज' मग डोळ्यांत खुपायला लागतं. त्या जागी कधीतरी 'समटाइम्स' लिहिता येईल का, हा प्रश्न व्याकरणाच्या वहीतून थेट स्वयंपाकघरात जातो.

तिथेच पाकिटंही असतात. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाकिटावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि बहुतेक वेळा ते इंग्रजीत असतात. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'मल्टिग्रेन', आणि मागे बारीक अक्षरांत पहिलंच नाव 'रिफाइंड व्हीट फ्लाउर', म्हणजे मैदा. 'शुगर', 'सॉल्ट', 'ऑइल', 'पर हंड्रेड ग्रॅम' एवढे मोजके शब्द वाचता आले तरी मुलांच्या डब्यात काय जायचं, ते जाहिरातीऐवजी आई ठरवते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी शिकलेल्या कितीतरी बायका पाचवीत सुरू झालेल्या इंग्रजीच्या धाकाच्या आठवणीनेच या भाषेपासून लांब राहिल्या. त्यांच्यासाठी वर्ग चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मुलाखतीच्या आणि भाषणाच्या तयारीआधी ताटातलं आणि अंगातलं बोलायला शिकवा. मोठ्या दवाखान्यात 'आय गेट टायर्ड ऑन द स्टेअर्स' हे वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणणारी बाई सोबतच्या माणसावर अवलंबून राहत नाही. भाषेचा हक्क आधी स्वतःच्या भुकेवर आणि स्वतःच्या थकव्यावर मिळायला हवा. बाकीचे काळ आणि प्रयोग त्यानंतर शिकता येतात.